मोटारहोममधलं सांडपाणी: आधी ओतायची जागा, मग टाकीचं माप

ट्रॅव्हलर किंवा विंगरसारखी व्हॅन घेऊन तिचं मोटारहोम, म्हणजे चालतं घर, करायचं ठरलं की पहिल्या कागदावर बेड निघतो, दुसऱ्यावर ओटा आणि तिसऱ्यावर सोलर पॅनेल. सांडपाण्याची टाकी कुठे, असं विचारलं तर मालक मिस्त्रीकडे बघतो. आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं असतं, "टाकीचं काय साहेब, बसवू की खाली कुठं बी!"

बसते खरी. पण प्लायचं फ्लोअरिंग ठोकून झालं, बाथरूमचा ट्रे चिकटवला, ओटा स्क्रूने पक्का केला की 'कुठं बी'मधल्या एकेक जागा कटत जातात. शेवटी उरते ती मागच्या बंपरजवळची, सायलेन्सरला खेटून असलेली जागा. म्हणून फर्निचरच्या आधी टाकी, आणि टाकीच्याही आधी ती रिकामी कुठे करायची, हे ठरवायचं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. ज्यांनी अजून गाडीच्या सीट काढलेल्या नाहीत, त्यांना याचा सगळ्यात जास्त उपयोग.

रिकामी कुठे करणार?

गाडीत दोन तऱ्हेचं घाण पाणी तयार होतं. ओट्याचं, बेसिनचं, अंघोळीचं ते सांडपाणी आणि संडासाचं ते मैलापाणी. दोन्ही एका टाकीत कधीही घेऊ नका. सांडपाण्याला जागा मिळते, मैल्याला सहज मिळत नाही. एकत्र केलं की सगळंच मैलापाणी होतं.

युरोपात कॅम्पसाइटवर गाडी उभी करून टाकी मोकळी करायची खास जागा असते. तिकडचे व्हिडिओ बघून दोनशे लिटरची टाकी काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की आपल्याकडे तशी सोय जागोजागी नाही. मग पर्याय काय? आपल्या घरचं ड्रेनेजचं चेंबर, ओळखीच्याच्या शेतघराचा सेप्टिक टँक, मुक्कामाच्या रिसॉर्ट किंवा होमस्टेचं चेंबर. बाहेरच्या ठिकाणी मालकाला आधी विचारून, जमलं तर बुकिंग करतानाच. कॅसेट टॉयलेट (काढता येणाऱ्या डब्याचा संडास) असेल तर कुठल्याही साध्या संडासात तो डबा ओतता येतो.

रस्त्याकडेचं पावसाळी गटार हे सांडपाण्याचं गटार नव्हे. आपल्या शहरात याचा हिशेब सोपा आहे: जयंती नाला आणि दुधाळी नाला दोन्ही पंचगंगेकडे जातात. जयंती नाल्यातलं पाणी अडवून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे नेण्यासाठी महापालिकेला केवढा खटाटोप करावा लागतो, हे आपण वर्षानुवर्षं वाचतोच आहोत. आणि दाजीपूरला जंगलात गाडी उभी करून "साबणाचंच तर पाणी आहे" म्हणून व्हॉल्व्ह सोडलात, तर ते राधानगरी धरणातून भोगावतीत आणि भोगावतीतून पंचगंगेत येणार. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे, ही आणखी एक गोष्ट. कायद्याचं म्हणाल, तर १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २४ नदी-ओढ्यात, विहिरीत आणि जमिनीवरही दूषित पाणी सोडायला मनाई करतं.

तेव्हा एका कागदावर तुमची नेहमीची सहल लिहा. कोल्हापूर ते गगनबावडा, करूळ घाटाने खाली मालवण, परत. किंवा आंबोलीमार्गे गोवा. त्यावर टाकी रिकामी करता येईल अशी खात्रीची ठिकाणं मांडा. दोन ठिकाणांत जास्तीत जास्त किती दिवस जातात, तो आकडा तुमच्या टाकीचं माप ठरवतो. बहुतेकांचा तो दोन दिवसांच्या आसपास येतो.

किती लिटर?

एका माणसाचं एका दिवसाचं सांडपाणी मोजू. अर्ध्या बादलीची अंघोळ: ८ ते १० लिटर. तोंड-हात-पाय धुणं: ४ लिटर. भांडी, तांदूळ, भाजी: माणशी ५ ते ६ लिटर. म्हणजे हात राखून वापरलं तर २० लिटर. शॉवर मोकळा सोडून नाहणाऱ्याचा हिशेब यात बसत नाही. त्याला तांब्या द्या.

दोघं जण, दोन दिवस: ८० लिटर. त्यावर पाचवा हिस्सा वाढवा, कारण टाकी काठोकाठ भरायची नसते आणि तळाशी थोडं पाणी राहतंच. झाले ९६, म्हणजे १०० लिटर. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि १,००० ने भागायचं की लिटर मिळतात. ९० × ४५ × २५ ची टाकी १०१ लिटरची होते. ट्रॅव्हलरच्या आकाराच्या गाडीसाठी हे माप सोयीचं आहे.

चौघांच्या कुटुंबाला याच हिशेबाने १९० लिटर लागतील, म्हणजे नुसतं पाणीच १९० किलो. माझं मत विचाराल तर तेवढी टाकी लावू नका. १०० लिटरचीच ठेवा आणि सगळ्या अंघोळी मुक्कामाच्या जागी करा.

स्वच्छ पाण्याच्या टाकीचा मेळ इथेच घालायचा. वापरलेलं जवळजवळ सगळं पाणी सांडपाणी होऊन खाली येतं, त्यामुळे सांडपाण्याची टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीपेक्षा लहान असून चालत नाही. १०० लिटर भरून निघालात तर प्रवासभर गाडीतल्या पाण्याचं वजन १०० किलोच्या वर जात नाही, ते फक्त एका टाकीतून दुसरीत जातं. गडबड होते ती वाटेत स्वच्छ टाकी पुन्हा भरून घेताना खालची तशीच भरलेली ठेवल्यावर. तेव्हा दुप्पट वजन घेऊन तुम्ही घाट उतरत असता.

जागा

टाकी दोन्ही चाकांच्या जोड्यांच्या मधे, जितकी खाली बसेल तितकी खाली, आणि डावी-उजवीकडे वजन सारखं राहील अशी. मागच्या चाकाच्या मागे का नको, ते आकड्यात बघा. समजा पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ४ मीटर आहे आणि ८० किलोची भरलेली टाकी मागच्या चाकांच्या एक मीटर मागे टांगली. मागच्या ॲक्सलवर, म्हणजे मागच्या चाकांच्या आसावर, ८० नव्हे, १०० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून २० किलो उचलले जातात. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग हलकं, आणि तेही भुईबावडा घाटाच्या वळणांवर. शिवाय मागचा भाग खाली आला की प्रत्येक गावातल्या स्पीडब्रेकरला टाकी घासणार. आपल्याकडचे स्पीडब्रेकर कुठल्या मापात बसतात, हे सांगायला नको.

सीट काढल्यावर आणि काम सुरू करण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. ऊस आणि गुळाच्या आपल्या मुलखात काटा शोधावा लागत नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या ॲक्सलचं वजन मिळतं. कंपनीने प्रत्येक ॲक्सलसाठी दिलेल्या मर्यादेपर्यंत किती किलो शिल्लक आहेत ते लिहून ठेवा. पुढे बेड, बॅटरी, गॅस, माणसं सगळं याच शिलकीतून जाणार आहे.

आता गाडीखाली आडवे व्हा आणि टॉर्च घ्या. ट्रॅव्हलर मागच्या चाकांवर चालते, म्हणून मधून प्रोपेलर शाफ्ट (इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणारा दांडा) जातो आणि सस्पेन्शन दबलं की तो वर-खाली होतो. त्याला पुरेशी मोकळीक सोडूनच टाकीची कड आखा. विंगरची ओढ पुढच्या चाकांवर असल्याने मधली जागा मोकळी मिळते, पण बॉडी मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडी आणि चेसिस एकच, तेव्हा कुठे बोल्ट मारायचा हे विचारून मारा. सायलेन्सरच्या पाइपपासून किमान वीतभर अंतर आणि मधे पत्र्याचा आडोसा हवा. ब्रेकचे पाइप, डिझेलची टाकी, स्टेपनी उतरवायची वाट यांतल्या कशालाही अडवायचं नाही. आणि टाकीचा तळ गाडीच्या मूळच्या सगळ्यात खालच्या भागापेक्षा खाली जाता कामा नये.

टाकी कानाला बोल्ट मारून टांगू नका. खालून अँगलचा पाळणा करा, त्यात रबराच्या पट्टीवर टाकी बसवा, वरून पट्ट्यांनी आवळा, सगळीकडे लॉक नट. चेसिसला नवीन होल पाडणं, वेल्डिंग करणं टाळा. मूळची भोकं आणि क्लॅम्प वापरून काम होतं. मिस्त्री "दोन टाके मारतो, हलणार नाही" म्हणेल, त्याला चहा पाजा पण टाके मारू देऊ नका.

टाकी कशाची?

एचडीपीई प्लास्टिक किंवा ३०४ ग्रेडचं स्टेनलेस, दोन्ही चालतात. वरच्या मापाची टाकी दीड मिलिमीटरच्या स्टेनलेसमध्ये साधारण १८ किलोची होते, तर सहा मिलिमीटरच्या एचडीपीईमध्ये साडेआठ-नऊ किलोची. प्लास्टिक हलकं आणि गंजायचा प्रश्न नाही. स्टेनलेसचा फायदा असा की कोल्हापुरात आर्गॉन वेल्डिंगचा चांगला कारागीर मिळणं अवघड नाही, आणि आडव्यातिडव्या जागेत बसेल असा हवा तो आकार करून मिळतो. स्टेनलेस घेतलं तर टाकीत ब्लीच ओतू नका. त्यातल्या क्लोराइडने वेल्डिंगजवळ बारीक भोकं पडतात. साध्या लोखंडाची टाकी रंग मारूनही टिकत नाही, आणि घराच्या गच्चीवरची काळी टाकी चालत्या गाडीसाठी केलेलीच नसते.

टाकी करून घेताना तीन गोष्टी आधीच सांगा, नंतर होत नाहीत. एक, आत आडवे बॅफल, म्हणजे वर-खाली फट सोडलेल्या पाट्या. अर्धी भरलेली टाकी सगळ्यात जास्त हिंदकळते. करूळ उतरताना ब्रेक मारला की ५० किलो पाणी एकदम पुढच्या भिंतीवर येऊन आदळतं. दोन, हात आत जाईल एवढं, १५ ते २० सेंटिमीटर व्यासाचं झाकण, तेही गाडी न उचलता उघडता येईल अशा जागी. तीन, तळाला निचऱ्याच्या तोंडाकडे उतार आणि ते तोंड सगळ्यात खालच्या कोपऱ्यात.

उतार, आणि बाथरूमच्या ट्रेची अडचण

गाडीतली सगळ्यात कठीण निचऱ्याची जागा म्हणजे न्हाणीचा ट्रे. ओट्याचं भोक फ्लोअरपासून अडीच-तीन फूट वर असतं, त्याला भरपूर उतार मिळतो. ट्रेचं भोक थेट फ्लोअरलाच.

पाइपला दर मीटरला अडीच सेंटिमीटर उतार हवा. समजा ट्रेपासून टाकी सव्वा मीटरवर आहे. ट्रेखालचा ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारं वाकण) ८ सेंटिमीटर खाली उतरला, उताराचे ३ सेंटिमीटर, म्हणजे पाणी टाकीत शिरेल ती जागा फ्लोअरच्या ११ सेंटिमीटर खाली. त्याच्या खाली २५ सेंटिमीटरची टाकी. एकूण ३६. आता टेप घेऊन फ्लोअरपासून गाडीच्या सगळ्यात खालच्या भागाच्या पातळीपर्यंत किती अंतर आहे ते मोजा. ३६ बसत नसेल तर टाकी उथळ आणि रुंद करा, नाहीतर न्हाणीचा ट्रे एक पायरी वर घ्या. १० सेंटिमीटर उंच ट्रेमुळे डोकं छताला लागत असेल तर बसून अंघोळ करा, आपल्याला पाटावर बसून नाहायची सवय नवी नाही.

टाकीतल्या पाण्याची पातळी ट्रेच्या भोकाच्या वर जाऊ शकते का, हे तपासा. जात असेल तर टाकी भरल्यावर ओट्याचं तेलकट पाणी अंघोळीच्या ट्रेमधून वर येणार. ट्रेच्या लाइनला पाणी उलटं येऊ न देणारा एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकून ठेवाच. उतारावर गाडी उभी असताना आणि जोरात ब्रेक मारताना तो उपयोगी पडतो.

सांडपाण्याचे पाइप ३२ ते ४० मिलिमीटरचे पुरतात. काटकोनाचा एल्बो एका जागी घालण्यापेक्षा पंचेचाळीस अंशांचे दोन घाला. जिथे पाइप टाकीला जोडला जातो तिथे थोडा लवचिक होजचा तुकडा ठेवा, कारण बॉडी आणि टाकी दोन्ही वेगवेगळ्या हलतात आणि कडक सांधा आधी तिथेच तडकतो.

वास

वासाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ व्हेंटमध्ये, म्हणजे टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपमध्ये सापडतं. टाकीच्या माथ्यावरून २०-२५ मिलिमीटरचा पाइप थेट छतावर न्या. व्हेंट नसेल तर आतली हवा बाहेर पडायला वाट शोधते, बेसिन गुडगुडतं, ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं आणि मग उघड्या पाइपमधून वास सरळ गाडीत. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडी उन्हात उभी राहिली की काय होईल, याची कल्पना करा. व्हेंटच्या तोंडाला बारीक जाळी हवीच, नाहीतर टाकी म्हणजे डासांचं फार्म. वर टोपीही हवी, गगनबावड्याचा पाऊस काय असतो ते आपल्याला ठाऊक आहे.

घाटातल्या वळणांवर ट्रॅपमधलं पाणी सांडून जातं. मुक्कामाला पोचल्यावर प्रत्येक भोकात तांब्याभर पाणी ओतायची सवय लावा. पाण्याशिवाय चालणारे रबरी पडद्याचे व्हॉल्व्हही मिळतात, ते थोडे महाग पण गाडीसाठी उत्तम.

दुसरं मूळ आपल्या स्वयंपाकात आहे. तांबड्या रश्श्याचं पातेलं किंवा मिसळीचा कट तसाच ओट्यात गेला की ते तेल टाकीच्या भिंतींना धरून बसतं, त्यावर भाताची शितं चिकटतात, आणि दोन दिवसांत ते आंबतं. भांडी आधी कागदाने किंवा भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्या, मग धुवा. ओट्याच्या भोकाला बारीक जाळी, न्हाणीच्या भोकाला केसांची जाळी. एवढं केलं तर बाजारातली सुगंधी औषधं विकत घ्यायची गरज पडत नाही. फार झालं तर मूठभर खायचा सोडा कोमट पाण्यातून सोडा. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र करायचा प्रयोग कुणी करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद गाडीत तो जिवावर बेतू शकतो.

व्हॉल्व्ह आणि मोजमाप

निचऱ्याला ४० किंवा ५० मिलिमीटरचा बॉल व्हॉल्व्ह, त्यापुढे होज जोडायची कपलिंग आणि त्यावर टोपी. टोपी विसरू नका. व्हॉल्व्हचा दांडा एखाद्या दगडाने हलला तर मागच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर जे उडेल, त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. होज तीन मीटर तरी ठेवा, चेंबर नेहमी गाडीच्या नको त्या बाजूला असतं.

टाकीच्या आत स्क्रूसारखे निघालेले लेव्हलचे सेन्सर सांडपाण्यात टिकत नाहीत. साबणाचा थर आणि केस बसले की टाकी रिकामी असूनही ते 'फुल' दाखवतात. पाऊण टाकीच्या पातळीला एक फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू होणारं बटण) आणि केबिनमध्ये बझर एवढं पुरे.

संडास

नवख्या माणसाने गाडीखाली मैल्याची पक्की टाकी लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिला ७५ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह, वेगळा व्हेंट, धुवायची वेगळी लाइन लागते. आणि ती तुंबली तर साफ कोण करणार? माणूस लावून हाताने मैला काढून घेणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे, आणि तसं करवून घेणं माणुसकीलाही धरून नाही. सक्शनवाला टँकर तुमच्या १०० लिटरसाठी घाटात येणार नाही.

त्यापेक्षा कॅसेट किंवा पोर्टेबल टॉयलेट घ्या. साधारण २० लिटरचा डबा, काढायचा, संडासात ओतायचा, विसळायचा. भरलेला डबा वीस किलोच्या वर जातो, तेव्हा तो बाहेरून, कमरेच्या खाली न वाकता काढता येईल असं दार ठेवा.

कंपनीचं पत्रक म्हणतं दोघांना तीन दिवस. ते कागद वापरणाऱ्यांसाठी. आपण पाण्याने धुणार. जेट मोकळा सोडला तर एका वेळेला दीड-दोन लिटर सहज जातात आणि डबा दुसऱ्या दिवशी सकाळीच भरतो. उपाय साधा: जेटऐवजी दाबायची स्प्रे बाटली किंवा कमी प्रवाहाचा जेट, म्हणजे धुण्याचं पाणी अर्ध्या लिटरवर येतं आणि दोघांना दोन दिवस पुरतं. घरातल्या ज्येष्ठांना हे निघण्याआधी समजावून सांगा, घाटात नको. डब्यात टाकायचं औषध फॉर्मल्डिहाइड नसलेलं घ्या. ते ज्याच्या सेप्टिक टँकमध्ये जाणार, त्याच्या टँकमधले जिवाणू मारायचे नसतील तर.

फ्लोअरिंगच्या आधी चाचणी

टाकी, पाइप, व्हेंट जोडून झाले की फ्लोअरिंग बसवायच्या आधी टाकी भरा. पाण्यात रंगपंचमीचा उरलेला रंग टाका आणि प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्र पसरा. रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर डाग दिसला की कुठला सांधा गळतो ते लगेच कळतं. मग तशाच भरलेल्या गाडीने जोतिबाच्या डोंगरावर एक फेरी मारा, खाली आल्यावर पट्ट्या आणि लॉक नट पुन्हा आवळा. शेवटी पुढची चाकं फळीवर चढवा आणि बघा, नंतर मागची. दोन्ही वेळा न्हाणीचा ट्रे पूर्ण कोरडा होतो का? होत नसेल तर आता पाइप हलवणं अर्ध्या तासाचं काम आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. गाडीच्या रचनेत बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, आणि मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. सीट कमी करणं, गाडीचा प्रकार बदलणं यासाठी आरटीओची मंजुरी लागते, म्हणून लोखंड कापायच्या आधी आरटीओत जाऊन या. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

आणि फ्लोअरिंग ठोकायच्या आदल्या दिवशी मोबाइल काढा. प्रत्येक पाइप, सांधा, व्हॉल्व्ह यांचे फोटो घ्या, आणि फोटोत टेप धरा, म्हणजे भिंतीपासूनचं अंतर दिसेल. त्याची एक प्रिंट लॅमिनेट करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. सावंतवाडीत एखाद्या अनोळखी गॅरेजवाल्याला प्लायमध्ये ड्रिल मारायचं असेल, तेव्हा हाच कागद त्याच्या हातात द्यायचा.